भांड्याला तोंड न लावता

आई, भांड्याला तोंड लावायचं नाही, ही तुझी शिस्त मला एकदा भलतीच महागात पडली. तुला हे सांगायचं राहून गेलं. तू गेलीस त्यालाही आता अकरा वर्षं झाली.

इकडे हॅमिल्टनच्या ‘ते रापा’ भागातल्या वर्कशॉपमध्ये मोटर उचलताना माझी पाठ धरली, एवढंच तुला माहीत होतं. पाठ बरी झाली तरी डॉक्टरांनी दिलेल्या अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या सुटेनात. मग मी डॉक्टर बदलले, खोटं बोललो, कुणाकुणाकडून गोळ्या विकत घेतल्या. शेवटी व्यसनमुक्तीच्या क्लिनिकने त्या गोळ्यांच्या जागी मला मेथाडोनवर घातलं. रोज ठरल्या मापाचं पातळ औषध, म्हणजे अंगाची तगमग होत नाही आणि माणूस कामावर जाऊ शकतो. ते सुरुवातीला घरी नेऊ देत नाहीत. हॅमिल्टनच्या फार्मसीत जायचं, तिथल्या फार्मसिस्ट बाईंच्या देखत प्यायचं, वर पाणी प्यायचं आणि दोन शब्द बोलून दाखवायचे, औषध तोंडात धरून ठेवलं नाही हे त्यांना कळावं म्हणून. पहिल्या दिवशी एक देशी जोडपं रांगेत होतं. ते जाईपर्यंत मी व्हिटॅमिनच्या बाटल्या वाचत उभा होतो.

तिसऱ्या दिवशी बाई अगदी टक लावून बघतायत. मी घाबरलोय, आणि घाबरलं की हात लहानपणीचंच करतात. कप उंच धरतो, मान मागे टाकतो आणि वरून ओततो, जणू तुझ्या स्वयंपाकघरात पिंपाशेजारी उभा आहे. सात वर्षांचा असताना मी तांब्याला तोंड लावलं, तर तू तो माझ्याकडूनच घासून घेतलास. "उष्टं पाणी घरादाराला पाजतोस का रे?" त्यानंतर माझ्या हातून कधी थेंब सांडला नव्हता. त्या दिवशी निम्मं औषध शर्टावर.

मी सांगितलं, आमच्याकडे कपाला तोंड लावत नाहीत, दुसऱ्यालाही त्यातूनच प्यायचं असतं. बाईंनी कपाकडे बघितलं. त्या सगळ्यांनाच ‘लव्ह’ म्हणायच्या. "लव्ह, हा प्लास्टिकचा आहे. तुझ्यानंतर सरळ बिनमध्ये जातो."

पण सांडलेलं औषध त्या आपल्या मनाने पुन्हा देऊ शकत नव्हत्या. सांडल्याचं सोंग करणारेही असतात. त्यांनी क्लिनिकला फोन लावला. आज औषध पुरतं पोटात गेलं नाही, तर संध्याकाळी मी परत गोळ्या शोधत फिरेन, हे मला पक्कं ठाऊक होतं. बाई फोनवर म्हणाल्या, "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तो खोटं बोलत नाहीये." कित्येक महिन्यांत माझ्याबद्दल असं कुणी बोललं नव्हतं. सनस्क्रीनच्या स्टँडशेजारी मी चक्क रडलो. क्लिनिकने हो म्हटल्यावर त्यांनी सांडलं तेवढं औषध पुन्हा मापून दिलं आणि मी ते कपाला ओठ लावून प्यायलो.

पुढच्या वर्षी ताईचा फोन आला. "आई सारखं तुझं नाव घेतेय. ये रे लवकर." मी म्हणालो, "अगं, लीव्ह मिळत नाहीये. ट्राय करतोय." प्रवासात औषध बरोबर नेता येतं का, कागद कुठले लागतात, हे बाईंना विचारायचं होतं. रोज ठरवून जायचो. दोन शब्द तर बोलावेच लागायचे. मी "थँक यू" म्हणायचो आणि बाहेर पडायचो. ताईच्या घरी बाटल्या कुठे ठेवू, ती काय विचारेल, तू काय म्हणशील, याचीच भीती. असे तेवीस दिवस गेले. मग तू गेलीस.

आता फार्मसीत आठवड्यातून दोनदाच जातो, बाकीचं औषध घरी न्यायला मिळतं. बाई रिटायर झाल्या. हे पत्र ताईला पाठवावं असं दोनदा वाटलं, पण नाही पाठवणार. औषध नेता आलं असतं की नाही, मला आजही माहीत नाही, कारण मी विचारलंच नाही. लीव्ह मात्र मिळाली होती, आई. मागितली त्याच दिवशी.