खुर्चीच्या हातावरची बोटं

९ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. मी मजेत आहे. तुझा गुडघा काय म्हणतोय? पत्रास कारण नंतर सांगते, आधी गंमत ऐक.

संग्रहालयात सध्या माझ्याकडे एका बाईचं चित्र साफसफाईला आलंय, दोनशे वर्षांपूर्वीचं, नवअभिजात शैलीतलं. त्या चित्रकारांना कुंचल्याचा एक फटकारा दिसलेला खपायचा नाही. कातडी गुळगुळीत, कडा करकरीत, मागे कोरी भिंत, पुतळ्यासारखा पांढरा झगा. तिच्यावरचा मळ मी कशाने काढते, सांगू? थुंकीने! हसू नकोस, खरंच तशीच पद्धत आहे. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा आणि हळूच फिरवायचा. आई आपली तोंडं पुसायची ना, तस्संच.

हे गेल्यापासून मी हात लावलेला हा पहिलाच चेहरा.

आमचे साहेब म्हणाले, "बाई गर्विष्ठ दिसतेय. पाठ बघा कशी ताठ! चित्राखालच्या पाटीवर तसंच लिहा." मीही लिहून टाकलं. ओठ मिटलेले, नजर सरळ, दुसरं काय म्हणणार?

काल हातापर्यंत पोचले. मळ निघाला आणि खुर्चीच्या हातावरची बोटं वर आली. अगं, बोटं नुसती टेकलेली नाहीत, घट्ट रोवलीत. नखं पांढरी पडलीत. आणि तेवढ्याच जागी फटकारे तसेच उघडे ठेवलेत. एवढा काटेकोर चित्रकार विसरला असेल? छे! त्याला सगळं दिसलं होतं. ती बाई कोसळू नये म्हणून ताठ बसलीय गं.

मी पाटीचा कागद फाडला. साहेब वैतागले, "मग आता लिहिणार काय?"

"हात बघा, एवढंच लिहू," म्हटलं.

घरी येऊन तुझं पत्र पुन्हा वाचलं. 'मागची खोली रिकामी आहे, ये. नाहीतर महिनाअखेर भाड्याने देते.' कितीदा विचारलंस, आणि दरवेळी मी कळवलं, कामात आहे, मजेत आहे. भाऊजी म्हणत असतील, हिला मेलीला भारीच ऐट. कसली ऐट, ताई? संध्याकाळी कुलूप उघडते आणि आत कुणी नसताना "आले हं" म्हणते.

चित्र पुढच्या आठवड्यात भिंतीवर जाईल, माझा करारही संपेल. खोली कुणाला देऊ नकोस. मी येतेय.

मजेत नसलेली,
तुझी धाकटी