आत्या ही आत्याच असल्याचा पुरावा

प्रिय दादा,

तुला नमस्कार, वहिनीला त्याहून जरा वाकून (तिच्या कंबरेचं कळलं, म्हणून तिच्या वाटचंही मीच वाकतोय). मुलांना आशीर्वाद. मी बरा आहे. सर्दी आहे, पण ती जुनीच, घरच्यासारखी.

तुझा सहा ओळींचा निरोप पोचला. त्यातल्या चार ओळी बायकोला वाचून दाखवण्यासारख्या नव्हत्या, म्हणून तिने स्वतःच वाचल्या आणि दोनदा हसली. उरलेल्या दोन ओळींत तू विचारतोस, की आईच्या घराचं खरेदीखत गुरुवारी का झालं नाही, आणि ज्याला स्वतःच्या आत्याची ओळख पटवता येत नाही तो वकिलाच्या ऑफिसात बसून कसले दिवे लावतो. प्रश्न रास्त आहे. उत्तर जरा लांब आहे, तेव्हा चहा घेऊन बस.

तुला आमच्या बाई माहीत नाहीत. बाई म्हणजे आमच्या थोरल्या वकीलबाई. घरांची खरेदी-विक्री त्यांच्या हातून होते आणि त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली आहे: ‘ओळखीचा माणूस म्हणजे ओळख नव्हे.’ याला कारण आहे. गेल्या वर्षी समोरच्या गल्लीतल्या एका वकिलाकडे एक गृहस्थ रोज यायचे, त्याच्या गुडघ्यांची चौकशी करायचे, आणि एक दिवस शांतपणे भलत्याचाच बंगला विकून गेले. खऱ्या मालकाला पत्ता लागला तो थेट नवे मालक पडद्यांची मापं घ्यायला आले तेव्हा. तेव्हापासून बाईंनी धसका घेतलाय. त्यांची सख्खी बहीण मृत्युपत्र करायला आली, तर तिच्याकडूनही फोटोचं ओळखपत्र घेतलं (बहीण अजून बोलत नाही, पण फाइल पूर्ण आहे).

गुरुवारी अकराला तुझी आई, म्हणजे आत्या, हातात पिशवी घेऊन दारात उभी. मी हर्षभराने ओरडलो, ‘आत्या!’ बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की मला पाठीमागची पाटी पाठ असूनही पुन्हा वाचावी लागली. भाचा असल्यामुळे मी तपासणी करू शकत नाही, हे ओघानं आलंच. मी कोपऱ्यात बसून फक्त लिहून घ्यायचं ठरलं. तेवढ्यात तुझा पहिला फोन आला. विकणाऱ्याशी बोलताना खोलीत किंवा फोनवर घरचं कुणी नको, हाही बाईंचा नियम. म्हणून त्यांनी तो कापला. दुसराही त्यांनीच कापला. तिसरा मी कापला, त्याबद्दल माफ कर, पण मला मजा आली.

आता जे घडलं ते मी शपथेवर सांगतो. बाईंनी ओळखपत्र समोर धरून विचारलं, हा फोटो तुमचाच का? आत्यानं तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाली, ‘ही कोण बया?’ बाईंनी चेहरा ताडून पाहायला मान वर केली, तर आत्यानं दोन्ही गाल फुगवून ठेवलेले! जन्मतारीख विचारली. तिनं सांगितली त्याप्रमाणे ती तुझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान ठरते. सही करायला सांगितली, तर तिनं डाव्या हाताने अशी काही वेल काढली की खाली फुलंच काय ती राहिली होती. मी मध्येच म्हणालो, आत्या, तू उजव्या हाताने लिहितेस! बाई म्हणाल्या, ‘तुम्ही लिहून घ्या.’ मी तेही लिहून घेतलं.

शेवटचा उपाय म्हणजे घराबद्दलचा असा प्रश्न, ज्याचं उत्तर मालकालाच माहीत असेल. तो मीच सुचवला होता (उत्तर बंद पाकिटात): जिन्याची कोणती पायरी करकरते? आपण दोघांनी लहानपणी त्या सातव्या पायरीपायी किती मार खाल्लाय! आत्यानं शांतपणे विचारलं, ‘कुठला जिना?’ दादा, फाइलमध्ये जिन्याचे चार फोटो होते. एकात ती स्वतः कठड्याला धरून उभी आहे.

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि नियमातला शेवटचा प्रश्न अगदी हळू आवाजात विचारला: घर विकायचं हे तुम्हीच ठरवलंत ना? इतका वेळ टकळी चाललेल्या आत्यानं पिशवी मांडीवर घेतली. ग्लासभर पाणी प्यायली. मग म्हणाली, ‘अहो, मी कोण हेच अजून ठरलेलं नाही, तर मी काय ठरवलं ते कसं सांगू?’

बाईंनी फाइल बंद केली आणि आत्यासाठी चहा मागवला. ओळख न पटलेल्या माणसाला आमच्याकडे चहा मिळाल्याची ही पहिलीच वेळ.

तेव्हा यात माझी काहीही चूक नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. वहिनीला कंबर शेकायला सांग.

तुझा मामेभाऊ,
(तूच ठेवलेल्या नावाने) खोडरबर

ता. क. एक सांगायचं राहिलं. ऑफिसचा जिना उतरताना आत्यानं मला तिची जन्मतारीख सांगितली, माझी सांगितली, तुझी वेळेसकट सांगितली, आणि बाईंच्या फाइलमध्ये घराचा क्रमांक चुकलाय तो दुरुस्त कर म्हणाली. तो तिनं उलट्या बाजूने वाचला होता.

ता. क. २. खरं काम हे. घेणारे लोक आणखी आठवडाभर थांबायला तयार आहेत. तेवढ्यात आईला एक फोन कर. ‘सही कधी करतेस’ असं विचारू नकोस, ते तू दोन वर्षं विचारतोयस. ‘तुला विकायचंय का’ एवढंच विचार आणि ती बोलेपर्यंत गप्प बस (जमत नसेल तर तोंडात बिस्कीट धर). ती हो म्हणाली, तर मी तिला पुन्हा बाईंकडे नेतो, दोन मिनिटांत ओळख पटेल. तुला नाही म्हणणं तिला जड जातं रे. त्यापेक्षा स्वतःला नाही म्हणणं तिला सोपं वाटलं.

ता. क. ३. आत्या माझ्या खुर्चीमागे उभी राहून हे सगळं वाचतेय, मला आत्ताच कळलं. बाकी मजकुराबद्दल तिची तक्रार नाही. फक्त करकरते ती पायरी सातवी नव्हे, आठवी, असं लिही म्हणते. सातवी तू उडी मारून मोडलीस तेव्हाच बदलली, आणि ते तिनं तुझ्या बाबांनासुद्धा कधी कळू दिलं नाही. हे बाईंच्या कानावर जाऊ देऊ नकोस. ओळख पटेल.