निनावी कागदावरचा सरळ शिक्का

नागाओका, सोमवार

तीर्थरूप दादांस,

तादाओचा साष्टांग नमस्कार. तुमच्या गुडघ्यांनी देवळाच्या पायऱ्यांशी एव्हाना समेट केला असेल. वहिनींचं मुळ्याचं लोणचं पोचलं, संपलंही.

इकडे मी सुधारलो आहे, असा कागद आहे. पंपांच्या कारखान्याने आम्हा विभागप्रमुखांना तीन दिवस नेतृत्वाच्या प्रशिक्षणाला पाठवलं. (तिथे डोळ्यांत बघून दहा मिनिटं ऐकायला शिकवतात. तुम्ही देवळाचे पुरोहित, हे प्रत्येक अंत्यविधीला करता.) परतल्यावर संचालक ओनुकी म्हणाले, "हिरामात्सु, तुम्ही संस्कृत शिकलेले, विद्वान. प्रशिक्षणाचा उपयोग झाला का, मोजा." म्हणजे माझंही मीच मोजायचं.

हाताखालच्यांसाठी मी निनावी प्रश्नावली काढली. पण ती रजेच्या अर्जावरून बेतली, आणि तळाचे, सहीऐवजी नावाचा शिक्का मारायचे चौकोन पुसायचे राहिले. आमच्याकडे रिकामा चौकोन कोणाला बघवत नाही. एकोणीस निनावी कागद आले, एकोणीस जणांच्या नावांच्या शिक्क्यांसह. त्यांतले अठरा रीतीप्रमाणे साहेबाच्या चौकोनाकडे कललेले, वाकून नमस्कार केल्यासारखे, आणि त्या अठराही कागदांत मला पैकीच्या पैकी गुण. विद्येने विनय येतो म्हणतात. आमच्याकडे तो शिक्क्यांना आला.

एकोणिसावा शिक्का खांबासारखा सरळ. कुसुनोकीबाईंचा (बारा वर्षं माझ्या विभागात आराखडे काढतात). वर लिहिलेलं, 'साहेब आता शेवटपर्यंत ऐकतात. मग ठरलेलंच करतात.'

दादा, मी त्यांना बोलावलं. शिकवल्याप्रमाणे डोळ्यांत बघितलं आणि विचारलं, "बाई, तुमचा शिक्का झिजलाय का?"

त्या म्हणाल्या, "असेल साहेब. बारा वर्षं झाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मेजावर नवा कागद होता. पैकीच्या पैकी, शिक्का जवळजवळ आडवा. तो मी फायलीत लावला आणि अहवालात 'परिणाम शंभर टक्के' लिहिलं. आज बाईंनी बदलीचा अर्ज दिला. त्यावरचा शिक्का सरळ आहे. माझ्याने त्याकडे बघवत नाही.

आपला धाकटा,
तादाओ

ता. क. पत्राचं खरं कारण हे. बाईंचा पहिला कागद सोबत घातला आहे. शुक्रवारी अहवाल संचालकांपुढे जाईल. त्याआधी तुम्ही तो कागद ओनुकीसाहेबांना टपालाने पाठवावा. पाकिटावर माझं नाव नको.

आणखी ता. क. वरचं पुन्हा वाचलं. नेतृत्व शिकून आलेला बावन्न वर्षांचा माणूस थोरल्या भावाला टपालपेटीपर्यंत पिटाळतो आहे. कागद काढून घेतला; मीच नेईन. तुम्ही गुरुवारी फोन करून "नेणार ना?" एवढं विचारा. हो म्हणालो तर पुन्हा विचारा.

खाली शिक्का आहे. तीन कागदांवर सरळ मारून पाहिला. हा चौथा, तुमच्याकडे कललाच. तुम्ही थोरले, तेव्हा इथे चालेल.