दरसाल सैल होणारा कोट

३ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

मोठ्या रस्त्यावरच्या गाळ्याला तू पुन्हा नकार दिलास, असं आईने कळवलं. एवढा उजेड सोडून त्या बोळातच सुईत दोरा ओवत बसणार, कारण 'त्याला' तेवढाच पत्ता ठाऊक! लग्न ठरवून, पंधरा दिवसांत येतो म्हणून गेलेल्याला एकवीस वर्षं झाली, मावशी.

तर, तो मला भेटला. आमच्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला आला होता. चिठ्ठीवर नाव वाचलं, मनगटावर तुझ्या इस्त्रीने भाजल्याची ती खूण दिसली, आणि मी गप्पा काढल्या. जे कळलं ते कडू आहे. आई म्हणते, झाकली मूठ राहू दे. तू म्हणशील तसं करीन.

रागावलीस तरी लोभ असू दे.
तुझी बडबडी

९ मार्च

चि. बडबडीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचताना कात्री हातातून सुटली, गिऱ्हाइकाची बाही थोडक्यात वाचली. तुझ्या आईला सांग, मूठ माझी आहे आणि एकवीस वर्षं आवळून बोटं दुखायला लागलीत. तो मेला असेल, आजारी असेल, कुठे अडकला असेल, असं रोज मनात शिवते आणि उसवते. त्याच्या लग्नाचा कोट अजून पुतळ्यावर आहे. वयाबरोबर माणूस सुटतो म्हणून दरवर्षी कमरेला सूतभर सैल करते. हसू नकोस.

सगळं लिही, साखर न लावता. मग आशीर्वाद दुप्पट.
मावशी

१५ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

त्याला काहीही झालं नव्हतं. इथे आल्यावर तुझ्याशी लग्न करावंसं वाटेना आणि कळवायचा धीर होईना, असं तो म्हणाला. त्याच हिवाळ्यात त्याने लग्न केलं. तीन मुली आहेत. मी तुझी भाची, हे सांगितलं, तर फ्रेमी चाळता चाळता म्हणाला, ती केव्हाच विसरली असेल. त्याच्या चष्म्याचा नंबर मुद्दाम चुकवावा असं फार वाटलं. चुकवला नाही.

आणि तो मुळीच सुटलेला नाही. वाळून काडी झालाय.

चुकलं असेल तर पदरात घे.
तुझी बडबडी

४ एप्रिल

चि. बडबडीस,
अनेक, आणि कबूल केल्याप्रमाणे दुप्पट आशीर्वाद.

दोन दिवस दुकान उघडलं नाही. खूप रडले. तो मेला असता तर बरं, असंही मनात आलं, खोटं कशाला सांगू? तिसऱ्या दिवशी कोटाकडे पाहिलं, तुझी 'काडी' आठवली आणि अशी हसत सुटले की शेजारचा कुलूपवाला काय झालं म्हणून धावत आला. एकवीस सूत सैल केला होता गं!

त्याच दुपारी जाऊन गाळा घेतला. तीन खिडक्या आहेत. माझा टाका इतका बारीक असतो, हे मलाच आता दिसतंय. बोळातल्या दारावर नवा पत्ता चिकटवला नाही. तुझ्या आईला सांग, मूठ उघडली. आत काही नव्हतं, पण हात कामाला मोकळा झाला.

कोट पूर्ण उसवला आणि स्वतःसाठी बेतला. आजवर माझं माप कुणी घेतलंच नव्हतं. कुलूपवाल्याच्या बायकोने टेप धरली. काल तोच घालून नव्या दुकानाच्या दारात उभी राहिले, तर पाच बायकांनी तसाच कोट शिवायला टाकला. अंगात कसा चपखल बसलाय म्हणून सांगू!

लोभ जुनाच ठेव, पत्ता मात्र नवा लिही.
मावशी