सोप्या शब्दांत सांगेल त्याचे घर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, चष्म्याच्या दुकानाची मालकीण, हे मृत्युपत्र राजीखुशीने करून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ‘बाईंचे डोके शाबूत आहे’ एवढ्याने भागले असते. त्यांनी त्यासाठी अर्धे पान इंग्रजी खर्ची घातले आहे. वकीलबाई म्हणाल्या, “असू द्या काकू, वजन पडतं.”

१) माझी मालमत्ता अशी: खाली दुकान, वर तीन खोल्या, असे एक घर, दुकानातली हत्यारे, बँकेतली ठेव, थोडे दागिने. घर माझ्या नवऱ्याने स्वतः कमावले आणि आजारी पडायच्या आधीच माझ्या नावावर केले. त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. ज्यांना आहे असे वाटते त्यांनी पुढे वाचावे.

२) काचा घासायचे यंत्र, पेचकस, चिमटे आणि तपासणीच्या काचांची लाकडी पेटी आमच्या कारागिराला द्यावी. बँकेतली ठेवही त्यालाच. त्याने उमेदीची सगळी वर्षे आमच्याकडे काचा घासल्या. माझी तब्येत बिघडल्यावर दुकान माझा मुलगा बघू लागला. त्याने कारागिराला माझ्या खुर्चीवर बसवले आणि सांगितले, की दुकानाचे ‘स्ट्रॅटेजिक रिस्ट्रक्चरिंग’ होत आहे व त्यात त्याची भूमिका ‘रिडन्डंट’ ठरते. इतक्या मानाने त्याच्याशी कधी कोणी बोलले नव्हते. त्याने हात जोडले, घरी जाऊन बायकोला बढती मिळाल्याचे सांगितले आणि सोमवारी इस्त्रीचा सदरा घालून कामावर आला. कुलूप बदललेले होते.

मी मुलाला विचारले, “अरे, कामावरून काढलं असं का नाही सांगितलंस?”

“आई, तोंडावर असं कसं सांगायचं? मी सेन्सिटिव्हली कम्युनिकेट केलं.”

३) मुलाला इंग्रजी शब्दकोशाचे दोन्ही जाडजूड खंड द्यावेत, आणि ते लाकडी स्टूल. इंग्रजी अक्षरे तो आमच्या डोळे तपासायच्या तक्त्यावरून शिकला. पाहुणे आले की आम्ही त्याला स्टुलावर उभा करायचो, त्याचे बाबा शब्दकोश उघडून धरायचे आणि तो लांबच लांब शब्द अर्थासकट धडाधडा म्हणायचा. इतरांची मुले गाणी म्हणत. आमच्याकडे ‘फ्लॉक्सिनॉसिनायहिलिपिलिफिकेशन’ चालायचे. अर्थ: एखाद्याला कवडीमोल ठरवणे. पाहुणे टाळ्या वाजवायचे. आळीत त्याचे नाव ‘डिक्शनरी’ पडले. तेव्हा त्याला शब्द आणि अर्थ दोन्ही पाठ असत. शब्द अजून आहेत. अर्थ वाटेत कुठे टाकून दिले, मला ठाऊक नाही. रोज एक पान वाचावे. ऐकायला मी नसेन, त्यामुळे घाई नाही.

४) सूनबाईला माझ्या जुन्या चादरी. ती या घरात आल्यापासून त्या फाडून पोतेरी करू म्हणते आहे, आता करावीत. तिचा आवाज जिना उतरून गिऱ्हाइकाच्या कानात जातो. हळू बोल म्हटले की तेच वाक्य आणखी वर चढवून म्हणते. माझ्या बांगड्या तिला नाहीत. तिच्या मनगटात त्या जाणार नाहीत, आणि हे तिनेच मला सांगितले आहे: “आई, तुमची हाडं चिमणीची. मला काय करायच्यात?”

५) सगळे दागिने माझ्या नणंदेला, म्हणजे ह्यांच्या धाकट्या बहिणीला. बहीणभावाचा अबोला होता. कारण आता दोघांपैकी एकालाच आठवत असेल. ह्यांचा आजार निघाला तेव्हा डॉक्टर आणि मुलगा ह्यांच्या डोक्यावरून इंग्रजीत बोलले. बाहेर आल्यावर ह्यांनी विचारले, “काय म्हणाले रे?”

“काही नाही बाबा. थोडं इन्फ्लमेशन आहे. मॅनेजेबल आहे.”

“म्हणजे?”

“सूज.”

हे मला म्हणाले, “मग बरा झालो की ताईकडे जाऊन येऊ. असं आजारी तोंड घेऊन नको.” बहीण धाकटी असली तरी हे तिला ताईच म्हणत. पुढे पँट कमरेवर राहीना, तरी हे नव्या सदऱ्याचे कापड निवडत होते, ताईकडे जायचे म्हणून. बरे व्हायची वाट बघता बघता मेले. नणंद आली तेव्हा चेहरा झाकलेला होता.

या माणसाने जन्मभर गिऱ्हाइकाच्या डोळ्यात बघून सांगितले, “काका, चष्मा विकला तर मला फायदा आहे, पण तुम्हाला मोतीबिंदू आहे. आधी तो काढा.” त्याला त्याच्याच मुलाने सूज सांगितली.

६) आता घर.

आता मलाही सूज आहे. डॉक्टर तेच, खुर्च्या त्याच. माझ्या डोक्यावरून ‘पॅन्क्रिॲटिक ॲडेनोकार्सिनोमा’ गेले, ‘मेटास्टॅटिक’ गेले, ‘पॅलिएटिव्ह’ गेले. मुलगा मान डोलावत होता, आणि मला दिसले, की त्याला रडू येते आहे. मी विचारले, “काय रे?” तो म्हणाला, “स्वादुपिंडाला थोडी सूज आहे, आई.” मी म्हटले, “बरं.” त्याला तिथेच सोडवता आले असते. मी सोडवले नाही.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला मी ते तिन्ही शब्द सांगितले. तो बाटल्या पुसायला लागला.

“काकू, घरचे काय म्हणाले?”

“सूज म्हणाले.”

“मग सूजच असेल.”

“तुला दूरचं दिसत नाही हे मी तुला तोंडावर सांगितलं होतं की नाही? तुझं लग्न ठरत होतं तरी सांगितलं.”

त्याने फडके खाली ठेवले. “कॅन्सर आहे. पसरलाय. औषधं देतील ती बरं करायला नाहीत, दुखू नये म्हणून आहेत.”

घरी येऊन मी चहा केला आणि प्याले. चव लागली.

तर घराची अट अशी: माझ्या हयातीत माझ्या माणसांपैकी जो कोणी माझ्यासमोर बसून, इंग्रजीच्या आड न लपता, मी मरणार आहे हे मला सांगेल, त्याचे हे घर. कोणीच न सांगितल्यास घर नणंदेचे. ही अट मुलाला किंवा सुनेला कळू द्यायची नाही. वकीलबाई म्हणाल्या, “काकू, हे कोर्टात टिकायचं नाही. सांगितलं की नाही, कोण ठरवणार?” मी म्हटले, “मी. आहे ना अजून.” त्यांच्या सल्ल्याने तूर्त घर नणंदेच्या नावे लिहिते. कोणी सांगितलेच तर पुरवणी जोडीन. मला वाटते कागद वाया जाणार नाही. मुलगा माझाच आहे.

७) मी गेल्यावर फोनवर ‘आई गेली’ एवढेच सांगावे. ‘एक्सपायर झाली’ म्हणू नये. एक्सपायर औषधे होतात.

साक्षीदार: १) औषधवाला. साक्षीदाराला काही मिळत नाही असे वकीलबाई म्हणतात, म्हणून त्याला काही नाही. २) वकीलबाईंची टायपिस्ट, जिचा चष्मा बदलायला झाला आहे.

ठिकाण: दुकानावरची खोली. तारीख शिक्क्यातली. सही माझी.

पुरवणी

वरील मृत्युपत्र करणारी मी, अजून शुद्धीवर, ही पुरवणी सांगून लिहून घेत आहे. सही मात्र स्वतः करीन.

मुलाला मी पुष्कळ संधी दिल्या. तो रोज संध्याकाळी उशाशी बसायचा. मी म्हणायचे, “पुढच्या वर्षी डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून घेते.” तो म्हणायचा, “डेफिनेटली, आई. कॉम्प्रिहेन्सिव्ह चेकअपच करून घेऊ.” मी म्हणायचे, “ह्यांनाही सूजच होती ना रे?” तो उशी सारखी करायचा. एकदा त्याने माझा हात धरला, तोंड उघडले, आणि मी अंगातला सगळा जोर कानात आणला. तो म्हणाला, “आई, प्रोग्नोसिस थोडं अन्सर्टन आहे.” मग फोन वाजला. तो घ्यायला तो जवळजवळ पळाला.

दुसऱ्या दिवशी सूनबाई चादर बदलत होती. मी तिलाही मोतीबिंदूचे ऐकवले, सवयीने. तिने चादर हातातच धरली.

“पुढच्या वर्षी असणार आहात का तुम्ही?”

ती थांबली नाही.

“तुम्हाला कॅन्सर आहे. बरा होणार नाही. तुमचा मुलगा सांगत नाही, मला सांगू देत नाही, आणि तुम्ही रोज मोतीबिंदू काढताय. हसून हसून माझे गाल दुखायला लागलेत.” हे खालच्या गिऱ्हाइकानेही ऐकले असणार. “वळा त्या कुशीवर.”

मी वळले. तिने चादर ओढून काढली, नवी खोचली आणि माझ्या पाठीकडूनच विचारले, “कोणाला बोलवायचंय का? आत्ता सांगा. नंतर बोलायचं त्राण राहणार नाही.”

मी नणंदेचे नाव सांगितले. ती त्याच संध्याकाळी आली, खाटेवर पाय वर घेऊन बसली. मी घराची गोष्ट काढली तेव्हा म्हणाली, “वहिनी, या वयात मला जिने चढायला लावतेस का? जिने सांगितलं तिला दे.” मग आम्ही ह्यांच्या हट्टीपणावर पोट दुखेपर्यंत हसलो. माझे आधीच दुखत होते.

म्हणून कलम सहामधली नणंदेची तरतूद रद्द. दुकान आणि वरच्या खोल्या, सगळे घर सूनबाईच्या एकटीच्या नावे. चादरींचे कलम कायम. तिने हे मायेने सांगितले असे कोणी म्हणू नये. वैतागून सांगितले. अटीत माया लिहिलेली नव्हती.

मुलाने त्या घरात राहायचे की नाही, यासाठी वकीलबाईंकडे एक लांब इंग्रजी शब्द होता. मी तो घालू दिला नाही. अर्थ असा: बायको ठेवील तोवर राहायचे. आणि हे त्याला वाचून दाखवायचे काम मी सूनबाईकडे देते, तिच्या नेहमीच्या आवाजात.

साक्षीदार: पहिलेच दोघे. टायपिस्टने चष्मा बदलला आहे.

ठिकाण: माझी खाट, धुतलेली चादर.

सही माझी. हलली आहे, पण वाचता येते.