उष्टा बोळा

२ जानेवारी

पोचलो एकदाचा! खोली बघून हसूच आलं, इतकी चांगली आहे. वर्कशॉपच्या वरचाच मजला, मोठी खिडकी, पलंगाचे चारही पाय धड. मागच्या कामावर आम्ही एका खोलीत इतके जण झोपायचो की कुणाचा पाय कुणाच्या तोंडात त्याचा पत्ता नसायचा. इथं मी एकटा. लाटसाहेब.

काम आहे जुनी चित्रं आणि जुनी पुस्तकं जपायचं. नवी करायची नाहीत, आहेत ती मरू द्यायची नाहीत. त्यासाठी उमेदवार पाहिजे होता. आठवीत शाळा सोडलेल्याला कोण विचारतंय म्हणून मी आपला गंमत म्हणून फोन लावला होता. एका मुलीनं उचलला. काय गोड आवाज! म्हणाली, डिग्री नको, हात स्थिर पाहिजे आणि तंबाखू-सिगारेट चालणार नाही. फ्रेमच्या दुकानात काच कापताना माझा हात कधी हलला नाही, आणि व्यसन करायला खिशात कधी उरलं नाही. मग या, म्हणाली.

ती मुलगी मात्र इथं कुठं दिसली नाही. इथल्या मुख्य म्हणजे बाई. पन्नाशीच्या, डोळ्याला भिंगाचा चष्मा, ओठावर एक पांढरा व्रण. त्यांना बोलता येत नाही, गळ्यात छोटी पाटी असते तिच्यावर लिहितात. अक्षर मोत्यासारखं. दुसरे बाइंडरकाका, पुस्तकांचं बघतात. बाईंच्या वाटणीचंही तेच बोलतात.

बाईंनी मला उजेडात नेलं, आ करायला लावलं आणि दात, जीभ, हिरड्या सगळं तपासलं. बैल घेताना बघतात तसं. काका लांबूनच म्हणाले, शेपूटही बघून घ्या, नंतर तक्रार नको.

ही वही काकांनीच उरल्यासुरल्या कागदांची शिवून दिली. म्हणाले लिही काहीतरी, अक्षराला वळण लागेल. माझं अक्षर म्हणजे कोंबडी शाईत पाय बुडवून पळालेली.

आईला फोन केला. तिचं एकच, इथं तरी टिकशील ना रे, पायाला भिंगरी लागलीय तुझ्या. टिकतो म्हटलं. बारक्याला सांगितलं, दादा आता कलाकारांत बसतो. तर धाकटे बंधुराज म्हणतात, बसवलंय का झाडू दिलाय? मी म्हटलं, तू तुझी परीक्षा बघ. माझी शाळा सुटली ती सुटली, त्याची सुटता कामा नये. घरात एक तरी शिकू दे.

४ जानेवारी

आज काम कळलं आणि मला हसू आवरेना. थुंकी! चित्रं थुंकीनं पुसतात!

बांबूच्या काडीला कापूस गुंडाळून बोळा करायचा. तोंडात धरून ओला करायचा. मग चित्रावर हलकेच फिरवायचा. घासायचं नाही, लाटणं फिरवल्यासारखं फिरवायचं. मळ कापसावर येतो, तपकिरी. तो आला की बोळा बरणीत टाकायचा आणि नवा घ्यायचा. काका म्हणतात, बाटलीतलं औषध मळाबरोबर रंगही खातं, थुंकी नुसता मळ खाते. थुंकीतलं जे अन्न पचवायला मदत करतं तेच इथं काम करतं. सगळ्या जगात असंच करतात म्हणे, फक्त पाहुण्यांना सांगत नाहीत.

बाईंनी पाटीवर लिहिलं: एक बोळा एकदाच तोंडात. चित्राला लागलेला बोळा परत तोंडात नाही. चुकूनही नाही. खाली दोन रेघा मारल्या.

मी म्हटलं, बाई, स्वतःचं असलं तरी उष्टं कोण खातं! वाटलं काका आता काहीतरी हाणतील. पण ते मान खाली घालून पुठ्ठ्याला खळ लावत बसले.

माझं चित्र म्हणजे एका खुर्चीत बसलेल्या माणसाचं. माझ्याएवढंच उंच. कुणाचं ते माहीत नाही, कुणी आणून दिलं तेही नाही, ते इथं आधीपासूनच आहे. वरचं वार्निश काळवंडून काकवीसारखं झालंय, त्यामुळं तोंडाच्या जागी नुसता अंधार.

१० जानेवारी

कोट झाला, बटणं झाली, एक हात झाला. मळाखालून नखं निघाली तेव्हा मी काकांना ओढत बोलावून आणलं. काका दारातच थांबले. म्हणाले, मी कागदाचा माणूस, रंगाच्या खोलीत माझं काय काम. आणि तिथूनच वाहवा केली.

खरं सांगायचं तर आता कंटाळा यायला लागलाय. बोळा कर, तोंडात घाल, फिरव, टाक. बोळा कर, तोंडात घाल. माझ्यासारख्या वारं प्यालेल्या वासराला हे म्हणजे दाव्याला बांधणं. पण आई बारक्याजवळ म्हणाली म्हणे, थोरला सुधारला. ते ऐकून परत बसलो.

उद्यापासून चेहरा.

१३ जानेवारी

चूक झाली.

हनुवटी करत ओठापर्यंत आलो होतो. बोळे वळून वळून बोटं दुखत होती, लक्ष खिडकीबाहेर. आई सुईत दोरा ओवताना टोक परत परत तोंडात घालते तसा माझाही हात आपसूक गेला. चित्राच्या ओठाला लागलेला बोळा मी परत तोंडात धरला.

मळाची चव मला माहीत आहे, कडवट, धुरकट. ही ती नव्हती. ही सकाळी उठल्यावर तोंडाला असते ती चव. कुणाच्या तरी तोंडाची. कोमट.

थू थू केलं, चूळ भरली. बाई पलीकडच्या टेबलाशी होत्या. त्यांनी बघितलं. मी कान पकडले, म्हटलं चुकलो. त्या रागावल्या नाहीत. पाटी उचलली, खडू घेतला, आणि काहीच न लिहिता परत ठेवली.

१५ जानेवारी

तोंडाला कोरड पडलीय. तांब्याभर पाणी प्यालो तरी जीभ टाळूला चिकटते. बोळा ओला होईना म्हणून काम थांबलं.

चित्राचा खालचा ओठ मात्र ओला आहे. मी काल संध्याकाळपासून त्याला हात लावला नाही. बोट टेकवून बघितलं. ओला.

काकांना सांगितलं. आवाज घोगरा आला. ते म्हणाले, नवरदेवासारखा लाजून काय बोलतोस, मोठ्यानं बोल. मोठ्यानं बोलायला गेलो तर निम्मे शब्द नुसती हवा. मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि त्यांच्या हातातली कागदाची घडी दाबायची हाडाची पट्टी खाली पडली. विचारलं, बोळा परत तोंडात घातलास का? मी मान हलवली. ते उठून बाहेर गेले ते दिवसभर आलेच नाहीत.

१८ जानेवारी

आईचा फोन. मी हॅलो म्हणायच्या आधीच तिचं सुरू. काल किती दिवसांनी पोटभर बोललास रे, घसा बसलाय म्हणून बारक्या सांगत होता, पण आवाज तर कसा खणखणीत! जुन्या गमती काय काढल्यास, हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी.

काल मी तिला फोन केलेला नाही.

विचारायला गेलो. घशातून जे निघालं ते ऐकून ती म्हणाली, काय रे, काय खरखरतंय, लाइन खराब आहे, कालच्या त्या वर्कशॉपच्या नंबरावरूनच करत जा.

वर्कशॉपचा फोन चित्राच्या खोलीत आहे.

२० जानेवारी

आवाज गेला. पूर्ण. खोकलासुद्धा नुसता वारा.

काकांपुढे ही वही धरली, लिहिलं, खरं काय ते सांगा. ते खळ ढवळता ढवळता हळूच बोलले. बाई इथं उमेदवार म्हणून आल्या तेव्हा गात असत. काम करताना सगळी इमारत ऐकायची. त्यांच्याही हातून एकदा तसाच बोळा तोंडात गेला. चित्राला तेवढ्यानं भागत नाही. एक आवाज मिळाला की त्याच आवाजानं दुसरं ओलं तोंड बोलावून घेतं, जवळच्याच माणसाचं. बाईंची बहीण अशीच आली, तिचाही आवाज गेला. बहिणीनंतर तिचं कुणीतरी, मग त्याचं कुणीतरी. मधे बरीच वर्षं कुणी आलं नाही, आता तू.

मी लिहिलं, फोनवर मुलगी बोलली होती.

ते म्हणाले, तो बाईंचाच आवाज. मला ओळखता येतो, मी तो रोज ऐकायचो.

मी लिहिलं, मग बाई इथं का राहतात? म्हणाले, आवाज सोडून जाणार कुठं. पेन फेकलं मी, परत उचललं. लिहिलं, आणि तुम्ही? काकांनी सुई घेतली आणि पुस्तक शिवायला लागले.

बारक्या.

२१ जानेवारी

दुपारी, लख्ख उजेडात बघितलं. डोळ्यांनी.

बाई फोनचा रिसीव्हर चित्राच्या तोंडाशी धरून उभ्या होत्या. अंथरुणावरच्या आजाऱ्याला फोन धरतात तसा. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात हलत नव्हता. आणि माझा आवाज. माझाच, मधे मधे हसायची माझी सवय धरून. आई, बारक्याला पाठव. इथं अजून एक जागा निघालीय. परीक्षा काय, पुढच्या वर्षीही येते. मी आहे ना इथं. ऐक माझं.

धावत जाऊन रिसीव्हर ओढला. पलीकडे आई हॅलो, हॅलो, थोरल्या? मी ओरडलो. छाती फुटेपर्यंत ओरडलो. तिला नुसता श्वास ऐकू गेला. म्हणाली, कोण मेला फुसफुसतोय, आणि ठेवला.

ओठांवर रंगाच्या भेगा नाहीत आता. गुळगुळीत. ओले.

त्याच क्षणी बारक्याला मेसेज केला. येऊ नको. तो मी नाही. परीक्षा दे. आईची शपथ, येऊ नको.

त्याचं उत्तर आलं: चोरा, दादानं सांगितलंय मोबाइल गेलाय ते. गुमान परत कर नाहीतर दादा हाडं मोडेल तुझी.

व्हिडिओ कॉल लावला. कापला. परत लावला तर लागतच नाही. माझा नंबरच त्यानं बंद करून टाकलाय—

२२ जानेवारी

चित्र फाडायला गेलो. काच कापायची हिरकणी चित्राच्या ओठाला लावली. माझाच ओठ फाटला. चित्रावर ओरखडा नाही. शर्ट रक्तानं भिजला. बाईंनी कापूस दिला. माझ्या तोंडाला लावायला. पाटीवर लिहिलं, मीही करून बघितलं.

त्यांच्या ओठावर तो पांढरा व्रण. मला वाटायचं, असेल लहानपणचा.

बारक्या निघाला असणार. मी स्टँडवर जाऊन उभा राहतो. त्यानं मला बघितलं की झालं. तोंड नको, नुसतं बघितलं की—

२३ जानेवारी

सकाळपासून स्टँडवर. प्रत्येक गाडीपाशी. उतरणाऱ्यांचे चेहरे. ओठ सुजलेला, लोक लांब होतात माझ्यापासून. एका कंडक्टरला कागद दाखवला, भाऊ येणार आहे, उंच, कान मोठे. तो म्हणाला, तसला एक अलीकडच्या थांब्यावरच उतरला, चष्म्यावाल्या बाई घ्यायला आल्या होत्या. खुशीत होता, म्हणाला दादानंच इथं उतरायला सांगितलंय.

पळालो—

रंगाच्या खोलीचं दार आतून बंद. उजेड येऊ नये म्हणून दाराच्या काचेला कागद चिकटवलाय, पलीकडच्या नुसत्या सावल्या दिसतात. बाईंची. आणि त्याची, कान तेवढे दिसतात.

दारावर लाथा घातल्या. आतून माझा आवाज, शांत. सोड रे त्याला, एक मुका येडा आहे, रोज येतो, आपल्यासारखाच दिसतो म्हणून मागं लागतो. आणि बारक्या हसला. म्हणाला, दादा, तू कुठं लपलायस, समोर ये की. येतो रे, तोपर्यंत हात चालव, पहिला ओठच घे, तो निघाला की बाकी सोपं. असं मी म्हणालो. असं ते—

काका बाहेर त्यांच्या टेबलाशी, पाठमोरे. शिवतायत. मी हात जोडले, ते वळले नाहीत—

दाराखाली फट आहे. पान सरकवतो. माझं अक्षर तो झोपेतही ओळखेल, त्याला पहिली मुळाक्षरं मीच—

बारक्या. मी दादा. बाहेर आहे. आत बोलतोय तो मी नाही. काडी खाली ठेव. दार उघड. नाहीच जमलं तर एवढं तरी ऐक, चित्राला लागलेला बोळा—

सावलीचा हात वर गेला. तोंडाकडे. बरणीकडे नाही गेला, बरणी डावीकडे आहे, हात परत तोंडाकडे— तोच बोळा—

बारक्या तोंडात नको तोंडा