ड्रम काढले, डिस्क बसवल्या

४ फेब्रुवारी
हल्लीच्या पादत्राणांचा दर्जा पाहून मन विषण्ण होते. पायांचे त्राण करते ते पादत्राण, अशी व्याख्या. माझी उजवी चप्पल मात्र वाटेतच साथ सोडते. आज दुकानातून परतलो तर एका पायात आहे, दुसऱ्यात नाही. ही म्हणाली, अहो, अनवाणी आलात आणि कळलं नाही? म्हटलं, विचारात होतो.
खरा विषय निराळा. नातीला शाळेतून आणताना गाडी फाटकाशी थांबली नाही, कचऱ्याच्या डब्याला भेटून थांबली. दोष ड्रम ब्रेकचा. वडिलांची गाडी, ब्रेकही त्यांच्याच काळातले. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवणार. स्वहस्ते. शुभस्य शीघ्रम्.

६ फेब्रुवारी
मेहुण्याला सांगितलं. म्हणे, भाऊजी, इतकी वर्षं मुकाट थांबत होती, आताच काय अंगात आलं तिच्या? त्याचा जन्म लेथ मशीनवर गेला, कल्पनाशक्ती येणार कुठून. संच मागवला.

१३ फेब्रुवारी, दुपार
संच आला. उजव्या चाकाचा ड्रम हलता हलत नव्हता. सुटला तो थेट माझ्या पायावर. मेहुणा किंचाळला. मी हूं की चूं केलं नाही. सहनशक्ती आमच्या रक्तातच आहे. वडील एकदा चपलेतून आरपार गेलेला खिळा घेऊन दिवसभर हिंडले होते, चकार शब्द न काढता. पुढे तो पाय कापावा लागला, पण ते प्रकरण वेगळं.
मोजा लाल झाल्याचं हिने दाखवलं. पट्टी बांधताना एक अक्षर बोलली नाही. हे विशेष.

१५ फेब्रुवारी
डिस्क बसल्या. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढण्याचा कार्यक्रम. ही पेडलवर, मी चाकापाशी. दाब. धर. सोड. ही म्हणाली, एवढं तुमचं ऐकलं असतं तर संसार केव्हाच मोडला असता. बुडबुडे संपले. मग मी बसून दाबलं. कापसात पाय. हवा राहिलीय.

१६ फेब्रुवारी
पुन्हा दाब, धर, सोड. पुन्हा कापूस. ही म्हणते, दगडासारखं लागतंय की. मेहुणा म्हणतो, दगड. सख्खी भावंडं, एकमत व्हायचंच.
ही म्हणते, सकाळी उपाशीपोटी रक्त तपासून या. विषय ब्रेकचा आणि ही रक्त काढते. तर्कशास्त्राशी या घराण्याचं पिढीजात वैर.
हिने आज चप्पल न मागता शोधून आणली. फाटकाबाहेर होती.

१८ फेब्रुवारी
ही नको नको म्हणत असताना नातीला डिस्कवर शाळेत नेलं. शाळेपुढच्या उतारावर मुलं रस्ता ओलांडत होती. ब्रेक दाबला. गाडी पळाली. आणखी दाबला, आणखी पळाली. खाली बघितलं.
मग थांबली. अशी थांबली की मागचं दप्तर पुढे येऊन आदळलं. डिस्क उत्तम.
बाकी उद्या.

१९ फेब्रुवारी
किल्ली मेहुण्याला दिली. एरवी दहा टोमणे मारले असते. आज म्हणाला, बरं भाऊजी, मी नेईन तिला.
रक्त देऊन आलो. परिचारिकेने तळव्याला टाचणी लावली आणि विचारलं, टोचतंय का? मी म्हटलं, लावा तरी. ती लावून झाली होती.
ब्रेक ठीक आहेत. जुनेही ठीक होते. माझा पाय कुठल्या पेडलवर आहे, हे काल मला खाली बघून कळलं. तोवर मागे नातीचं गाणं चालूच होतं. आजोबा चालवतायत, मग तिने का थांबावं?
पाय वडिलांच्या वाटेने जाईल, याची भीती आहेच. त्याहून मोठी एक आहे. काल एखादं मूल चाकाखाली आलं असतं, तर रात्री मी इथे ब्रेकलाच दोष दिला असता. आणि ते मला पटलंही असतं.